माल संपला की सरकला? क्रोमाइटच्या छोट्या खाणीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात क्रोमाइटच्या, म्हणजे क्रोमियमच्या धातुकाच्या, छोट्या खाणींवर लिहिलं होतं, त्यात एक वाक्य असं होतं की अशा खाणीत मालक कुणीही असो, हुकूम दगडाचाच चालतो. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी बाकी अख्ख्या लेखावर नाही आली. सगळी घेता येणार नाहीत, काही घेतलीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत. खाणीवर धातुकाला 'माल' आणि बाकीच्या दगडाला 'वेस्ट' म्हणतात, मीपण तेच म्हणणारे.

प्रश्न : ओळखीच्या लोकांनी भागीदारीत एक छोटी खाण चालवायला घेतली. पहिले काही महिने समोर तीन मीटर जाडीचा काळा कुळकुळीत माल होता, मग एका ब्लास्टनंतर समोर नुसता हिरवट दगड. रिपोर्टात तर जवळजवळ दोन हजार टन लिहिले होते. जिऑलॉजिस्टने फसवलं का?

उत्तर : फसवलं असेलही, मला माहीत नाही, पण तुम्ही जे वर्णन केलंय ते या खाणींचं रोजचंच आहे. आधी आकार समजून घ्या. क्रोमाइट जगात मुख्यतः दोन तऱ्हेने सापडतं. एक म्हणजे थरांमध्ये, दक्षिण आफ्रिकेचं बुशवेल्ड किंवा झिम्बाब्वेचं ग्रेट डाइक, तिथे हे थर कित्येक किलोमीटर सलग पळतात, ग्रेट डाइक तर सुमारे ५५० किलोमीटर लांब आहे आणि त्यातले थर बरेचदा वीतभर जाडीचे, पण आहेत म्हणजे आहेत, आज दिसला तर उद्यापण दिसणार. दुसरी तऱ्हा म्हणजे पॉड. तुर्कस्तान, अल्बानिया, सायप्रस, ओमान, फिलिपीन्स इथलं क्रोमाइट या जातीचं. हा माल म्हणजे दगडात अडकलेली भिंगं, मधे फुगीर आणि कडेला निमुळती होत होत संपलेली. एखादं भिंग शंभर-दोनशे टनाचं असतं, एखादं काही हजारांचं, क्वचित कझाकस्तानसारख्या ठिकाणी राक्षसी आकाराचं. छोटी खाण असेल तर बहुतेक वेळा ती पॉडवरच बसलेली असते.

आता त्या दोन हजार टनांचं बघू. समजा लांबी २० मीटर, खोली ८ मीटर आणि मधली जाडी ३ मीटर मिळाली. माणूस काय करतो, तिन्हीचा गुणाकार करतो, ४८० घनमीटर, सलग क्रोमाइट घनमीटरला ढोबळ ४ टन भरतं म्हणून १,९२० टन. पण ही पेटी झाली हो, भिंग नाही! भिंगाचा हिशोब केला तर त्याच मापात साधारण अडीचशे घनमीटर बसतात, म्हणजे हजार टन. अर्धा माल कागदावरच उडाला, आणि यात कुणी खोटं बोललं असं नाही. मी नोकरीला होतो त्या एका छोट्या खाणीवर नेमकं हेच झालं होतं, पेटीच्या हिशोबावर कॉम्प्रेसर आणि दोन गाड्या हप्त्याने घेतल्या गेल्या, आणि माल संपला तेव्हा हप्ते अर्धेसुद्धा फिटले नव्हते.

तर तुमच्या लोकांनी आता भांडत बसण्यापेक्षा त्या हिरवट दगडाकडे नीट बघावं. माल खरंच निमुळता होऊन संपला असेल तर शेवटच्या काही ब्लास्टमध्ये जाडी कमी कमी होत गेलेली असणार. पण तीन मीटरवरून एकदम शून्य झाला असेल आणि त्या जागी गुळगुळीत, चकचकीत, हाताला साबणासारखा लागणारा पट्टा असेल तर तो फॉल्ट आहे, म्हणजे माल संपलेला नाही, कापला जाऊन सरकलाय. त्या चकचकीत पट्ट्यावर ओरखडे असतात, बोटांनी ओढल्यासारखे, ते कुठल्या दिशेला आहेत ते मोजायचं, कारण दगड त्याच रेषेत सरकलेला असतो. तिकडे पाच-दहा मीटर वर किंवा खाली उरलेला अर्धा मिळू शकतो. ही मोजणी करायला एक कंपास आणि एक दुपार लागते, आणि ती न करता पुढे सरळ भुयार मारत गेलेले लोक मी पाहिलेत.

प्रश्न : पण हे असं भिंगांसारखं का बनतं? एवढं शुद्ध काळं एकाच जागी आणि बाजूला काहीच नाही, हे डोक्यात बसत नाही.

उत्तर : खरं सांगायचं तर हा प्रश्न जिऑलॉजीवाल्यांच्यापण डोक्यात बरीच वर्षं बसत नव्हता. अडचण अशी की शिलारसात क्रोमियम फारच थोडं विरघळलेलं असतं, दशलक्षात काहीशे भाग वगैरे. साधारणपणे असा रस थंड व्हायला लागला की ऑलिव्हीन नावाचं हिरवं खनिज भरपूर तयार होतं आणि सोबत क्रोमाइटचे थोडेसे दाणे, म्हणजे हिरव्यात काळी रांगोळी पडल्यासारखं. निव्वळ काळं हवं असेल तर दोन गोष्टी व्हायला लागतात. एक, त्या रसाचा तोल असा बिघडायला हवा की काही काळ ऑलिव्हीन तयारच होणार नाही, फक्त क्रोमाइट. हे बहुधा रसात सिलिका वाढली की होतं, म्हणजे आजूबाजूचा दगड विरघळून किंवा दुसरा जास्त सिलिकावाला रस येऊन मिसळून. आणि दोन, एका जागी पडून राहिलेल्या रसात एवढं क्रोमियमच नसतं, त्यामुळे नवीन नवीन रस तिथून जात राहायला हवा. पॉड म्हणजे त्या रस वाहण्याच्या वाटेवरची साचलेली जागा, नदीच्या वळणावर वाळू साचते तसंच, फरक एवढाच की इथे वाट खूप खाली, समुद्रतळाखालच्या प्रावरणात.

नंतर तो सगळा समुद्रतळाखालचा तुकडा जमिनीवर ढकलला गेला, ताणला गेला, मोडला, त्यात पाणी शिरलं. त्यामुळे पॉडसुद्धा ओढले गेले, काहींचे तर मण्यांच्या तुटलेल्या माळेसारखे तुकडे झाले. पण याच्यातच खाणवाल्याचा फायदा आहे, कारण ताणलेल्या भिंगांची लांबी बहुतेक एकाच दिशेने कललेली असते. पहिल्या दोन-तीन पॉडचा कल नीट नोंदवून ठेवलात तर चौथा कुठल्या अंगाला शोधायचा याचा अंदाज बांधता येतो. अंदाजच म्हणतोय, खात्री नाही.

प्रश्न : शोधतात कसं मग? मशीन असतं ना काहीतरी?

उत्तर : असतं, पण आधी पाय आणि डोळे. पॉडच्या भोवती जवळजवळ नेहमी ड्युनाइट नावाच्या दगडाचं आवरण असतं, कधी चार बोटं तर कधी काही मीटर. आणि त्या पलीकडे हार्झबर्गाइट. नावं विसरा, हात फिरवून फरक कळतो. ऊन-पावसाने झिजलेलं ड्युनाइट पिवळट-तपकिरी आणि गुळगुळीत असतं, हार्झबर्गाइट खरखरीत, कारण त्यातले पायरॉक्सीनचे दाणे झिजत नाहीत आणि बाहेर डोकावतात, पॉलिश पेपरला हात लावल्यासारखं वाटतं. खरखरीतात चालता चालता गुळगुळीत लागलं की चाल कमी करायची. अजून एक खूण म्हणजे भेगांमधला गुलाबी-जांभळा चमचमता पापुद्रा, ते क्रोमियम असलेलं क्लोराइट असतं, किंवा पाचूसारखे हिरवे बारीक दाणे, तो युव्हारोव्हाइट नावाचा गार्नेट. ही दिसली की जवळपास काळं असण्याची शक्यता चांगली.

आणि झाडं! हा सगळा दगड पाणी शिरून बदलला की त्याचं सर्पेंटाइन होतं, त्याच्या मातीत मॅग्नेशियम आणि निकेल जास्त, कॅल्शियम कमी, त्यामुळे तिथे झाडोरा खुरटतो. अमेरिकेत बॉल्टिमोरच्या आयझॅक टायसन नावाच्या माणसाने १८२०-३० च्या सुमाराला हेच हेरलं की क्रोमाइट सापडतं ते अशाच उजाड पट्ट्यांमध्ये, मग तो असल्या जमिनी शोधून घेत सुटला, आणि पुढची जवळपास वीस वर्षं जगाचा क्रोमाइटचा बाजार मुख्यतः त्याच्या हातात होता. १८४८ मध्ये तुर्कस्तानात मोठे साठे सापडले आणि हळूहळू ती मक्तेदारी गेली. मला हा किस्सा आवडतो, कारण त्याच्याकडे यंत्र म्हणून काहीच नव्हतं.

मशीनचं म्हणाल तर ग्रॅव्हिटी सर्व्हे करतात. शुद्ध क्रोमाइट पाण्याच्या साडेचारपट जड, सर्पेंटाइन अडीचपटीच्या थोडं वर, त्यामुळे खाली पॉड असेल तर वर गुरुत्वाकर्षण किंचित वाढतं. पण ते किंचित म्हणजे फारच किंचित, आणि खोली पाचपट झाली की खूण पंचवीसपट क्षीण होते, म्हणून दहा मीटरवरचा छोटा पॉड सापडू शकतो, पन्नास मीटरवरचा तोच पॉड जवळजवळ नाहीच. चुंबकीय सर्व्हे इथे बरेचदा घोटाळा करतो, कारण सर्पेंटाइन तयार होताना त्यात मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं चुंबकीय खनिज, तयार होतं आणि सगळीकडेच सुई नाचते. शेवटी चर खणणे आणि ड्रिलिंग याला पर्याय नाही.

प्रश्न : मला एक काळा जड दगड मिळालाय. क्रोमाइट आहे का ते घरच्या घरी कसं बघू?

उत्तर : टाइलची मागची बाजू घ्या, जिथे ग्लेझ नसतं ती, आणि त्यावर दगड जोरात घासा. रेघ चॉकलेटी आली तर आशा आहे, काळी आली तर मॅग्नेटाइट, लालसर आली तर हेमॅटाइट. मग लोहचुंबक, मॅग्नेटाइट टपकन चिकटतो, क्रोमाइट फारसा दाद देत नाही. दगडात हिरव्या दगडावर काळे गोल ठिपके, बिबट्याच्या कातड्यासारखे, असतील तर ते क्रोमाइटच समजा, असा नोड्युलर माल दुसऱ्या कशात मी तरी पाहिलेला नाही. एवढ्याने टक्केवारी मात्र कळत नाही, त्याला लॅबच लागते.

प्रश्न : एका सॅम्पलचा रिपोर्ट आला, ४६ टक्के क्रोम लिहिलंय. म्हणजे जवळजवळ निम्मा धातू आहे असं समजायचं ना? आणि कमी आला असता तर धुऊन वाढवता येतो का?

उत्तर : नाही, ४६ टक्के म्हणजे क्रोमियम ऑक्साइड. धंद्यात सगळे तोच आकडा बोलतात. त्यातलं खरं क्रोमियम काढायचं तर ०.६८४ ने गुणा, म्हणजे साडेएकतीस टक्के. निसर्गातलं क्रोमाइट पुस्तकातल्या फॉर्म्युल्यासारखं शुद्ध कधी नसतं, त्यात लोखंडाच्या जागी मॅग्नेशियम आणि क्रोमियमच्या जागी ॲल्युमिनियम घुसलेलं असतं. त्यावरून मालाची जात ठरते, फेरोक्रोम, म्हणजे स्टेनलेस स्टीलला लागणारा क्रोमियम-लोखंडाचा मिश्रधातू, त्याच्या भट्टीला लोखंड कमी असलेला लागतो, ॲल्युमिनियम जास्त असेल तर तो भट्टीच्या विटांसाठी चांगला.

धुण्याचं दोन भागांत सांगतो. माल हिरव्या दगडात मिसळलेला असेल तर नक्की वाढतो. दळून, शेकिंग टेबलवर पाण्याबरोबर सोडायचा. ते टेबल एकदा चालू असताना बघाच, हलत्या फळीवर पाण्याच्या पातळ पडद्याखाली आपोआप पट्टे पडतात, वरच्या कडेला काळाभोर पट्टा, मग राखाडी, मग फिकट हिरवा, आणि चालवणारा माणूस फक्त काळ्या आणि राखाडीच्या मधे पत्रा इकडे-तिकडे सरकवत उभा असतो. पत्रा दोन बोटं सरकला की ग्रेड, म्हणजे टक्केवारी, बदलते. छोट्या खाणीवर त्याच्याही आधी हातांनी निवड होते, तुकडा उचलला की वजनावरून कळतं, सवय झालेला माणूस बघतसुद्धा नाही.

पण क्रोमियमचं लोखंडाशी प्रमाण, ज्यावर भट्टीवाले भाव ठरवतात, ते धुऊन जवळजवळ हलत नाही, कारण ते लोखंड दाण्याच्या आत, क्रिस्टलमध्येच बसलंय. मेटलर्जिकल ग्रेडला, म्हणजे भट्टीला जाणाऱ्या मालाला, हे प्रमाण तीनास एकच्या आसपास मागतात. तुमचं दोनास एक असेल तर टेबलं कितीही लावा, तेच राहणार. मशिनरी विकणारे ही गोष्ट स्वतःहून सांगत नाहीत, म्हणून प्लँटचा विचार करायच्या आधी रिपोर्टात लोखंडाचा आकडा बघा.

प्रश्न : आत खोदकाम कसं करतात? आणि कोळशाच्या खाणीसारखा गॅसचा धोका इथे नसतो असं ऐकलं.

उत्तर : दुसरं आधी घेतो, कारण ते चुकीचं ऐकलंय. सर्पेंटाइन तयार होताना पाण्याची ऑलिव्हीनमधल्या लोखंडाशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. बहुतेक खाणींत तो कधी जाणवतही नाही, पण अल्बानियातल्या बुल्किझच्या क्रोमाइट खाणीत खोलवर पाण्यातून अक्षरशः बुडबुडे येतात, २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी मोजून सांगितलं की वर्षाला किमान २०० टन हायड्रोजन तिथून बाहेर पडतो, आणि त्या खाणीत स्फोट होऊन माणसं गेलीत. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासूनच पेट घेऊ शकतो आणि हलका म्हणून छताच्या कोपऱ्यात, रेझमध्ये, म्हणजे खालून वर मारलेल्या बंद उभ्या भुयारात, जाऊन बसतो. म्हणून वरच्या दिशेने मारलेली बंद तोंडं हवेशिवाय ठेवायची नाहीत आणि मोजल्याशिवाय आत जायचं नाही.

आता खोदकाम. सुरुवात उघड्या खड्ड्याने होते. माल खाली तिरका जात असतो, त्यामुळे जसजसं खाली जाल तसतसा वरचा वेस्ट जास्त काढावा लागतो, आणि एका टप्प्यावर एक टन मालासाठी इतका दगड हलवायला लागतो की परवडत नाही. मग डोंगर असेल तर बाजूने अ‍ॅडिट, म्हणजे आडवं भुयार, सपाट असेल तर इन्क्लाइन, म्हणजे तिरकं भुयार, किंवा शाफ्ट, म्हणजे उभी विहीर. आत गेल्यावर छोटा खाणवाला मालाच्या मागे मागे जातो, तो वळला की भुयार वळतं, तो फुगला की दालन होतं. जुन्या छोट्या खाणीचा नकाशा बघितला तर मुळांसारखा दिसतो, सरळ रेघ औषधालाही नाही. मोठ्या कंपनीवाले याला हसतात पण पॉडच्या बाबतीत दुसरं काय करणार?

खरी कसोटी बाजूच्या भिंतींची. क्रोमाइट आणि सर्पेंटाइन यांच्या मधला सांधा बरेचदा घसरलेला, चकचकीत, ओला असतो. माल काढला की आधार गेला आणि वरची भिंत पापुद्र्यासारखी सुटते, आधी आवाज करेलच असं नाही. शेवाळी रंगाचा, आरशासारखा लखलखीत दगडाचा पत्रा बैठकीएवढा, सकाळी जिथे होल मारायला उभे होतो तिथे दुपारी पडलेला मी बघितलाय. तिथे टेकू आदल्याच दिवशी लावायला हवे होते, पण शिफ्टला टनेज कमी भरत होतं म्हणून ते राहिलं. आमच्या सगळ्यांचंच चुकलं, माझंपण.

म्हणून श्रिंकेज स्टोपिंग, ज्यात फोडलेला मालच खाली पडू देऊन त्याच्यावर उभं राहून वर वर चढत जातात, ते दणकट भिंतींनाच बरं. भिंत कच्ची असेल तर माल उपसताना तीही सोबत येते. ४५ टक्क्यांच्या एक टन मालात फक्त दोनशे किलो वेस्ट मिसळला तरी ग्रेड साडेसदतीसवर येतो. कच्च्या भिंतीत कट-अँड-फिल करायचं, एक पट्टा काढायचा, ती जागा वेस्टने भरायची, मग वरचा पट्टा. सावकाश होतं, खर्चिक आहे, पण माणसं आणि ग्रेड दोन्ही राहतात.

आणि ड्रिलिंग ओलंच. सर्पेंटाइनच्या भेगांत पांढऱ्या रेशमासारखे धागे दिसतात ना, ते क्रिसोटाइल, म्हणजे ॲस्बेस्टॉस. दिसायला फार सुंदर. सुकं ड्रिल केलं की ते फुप्फुसात.

प्रश्न : खाणीतलं पाणी पिवळं दिसतंय. क्रोमाइट तर विरघळत नाही म्हणतात, मग हे काय?

उत्तर : क्रोमाइटमधलं क्रोमियम तीन संयुजेचं असतं, ते खरंच जवळजवळ विरघळत नाही. पण वरच्या मुरलेल्या, लॅटराइटसारख्या, म्हणजे जांभ्यासारख्या, थरात मँगनीजची ऑक्साइडं असतात, ती त्यातल्या थोड्या क्रोमियमला सहा संयुजेचं करतात, आणि ते पाण्यात सहज जातं, पिवळं असतं आणि कॅन्सरकारक असतं. ओडिशातल्या सुकिंदाच्या खोऱ्यात हा प्रश्न कित्येक वर्षं चालू आहे. उपाय माहीत असलेला आहे, फेरस सल्फेट टाकलं की ते परत तीन संयुजेचं होऊन गाळात बसतं, पण डोस रोज पाणी तपासून ठरवायला लागतो आणि तो गाळ कुठेतरी नीट ठेवायला लागतो, नाल्यात नाही.

पण तुम्ही पिवळं दिसल्यावर विचारताय यातच उशीर झालाय. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि एवढं डोळ्याला मुळीच दिसत नाही. दिसतंय म्हणजे तुम्ही त्या मर्यादेच्या कितीतरी वर आहात. पंप आजच्या आज नाल्यावरून काढून खाणीच्या वेगळ्या साठवण-तळ्यात वळवा, सॅम्पल लॅबला पाठवा, आणि खालच्या अंगाला विहिरी असतील तर त्या लोकांना रिपोर्ट यायच्या आधी सांगा.